पैठण ते घाटी : बाळाच्या आतड्याला सकाळपर्यंत वेळ नसतो

बाळ एकाएकी कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, काही मिनिटे शांत पडते आणि पुन्हा तेच. घरात कोणी म्हणते दात येताहेत, कोणी नजर उतरवते. (अजूनही, आपल्या वस्त्यांतही!) पण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत हे आतड्यात आतडे शिरल्याचे लक्षण असू शकते. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात.

साध्या एक्स-रेत ते निसटू शकते. सोनोग्राफीत मात्र जाणकाराला चकतीसारखे चित्र दिसते. वेळेत कळले तर गुदद्वारातून हवा किंवा सलाईन सोडून बहुतेकदा आतडे मोकळे होते, ऑपरेशन टळते. उशीर झाला तर रक्तपुरवठा तुटून आतडे सडते.

पैठणहून घाटी रुग्णालय सुमारे 50 किलोमीटर. ज्याच्या दारात गाडी आहे तो रात्रीच निघतो. मजूर सकाळची वाट पाहतो. आम्हाला यंत्रापेक्षा यंत्रापुढच्या माणसाची चिंता अधिक वाटते. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याने सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रात, पात्र डॉक्टरनेच करायची. तो कायदा हवाच, आपल्या लेकींसाठी हवा. पण मग तो डॉक्टर रात्री दोन वाजता तालुक्याला देणे ही शासनाचीच जबाबदारी ठरते. संविधानाच्या कलम 47 मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. एक्स-रे शहरात पाठवून वाचून घेता येतो, सोनोग्राफीला जाणता हात जागेवरच लागतो. तहसीलला पुढचे निवेदन देताना समाजमंदिर आणि रस्त्याच्या खाली हीही मागणी लिहावी.