तराफा फुटतो तो जमिनीवर

दिवाळीच्या अंकात फराळ, भाऊबीज नि आकाशकंदील यांवर लिहावे, असा शिरस्ता आहे. मी मात्र यंदा या पानावर तराफा ट्रॉलीत कसा चढवावा, हे सांगणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाला हा उद्योग कोणी सांगितला, असे वाचक विचारतील. तर तो माझ्या थोरल्या बहिणीने लावून दिला. आणि भाऊबीज त्यात येतेच.

बीड जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे दुष्काळ उभा राहतो, तराफा नव्हे. ते खोटेही नाही. आमच्या मांजरा नदीवर धनेगावला धरण आहे. २०१६च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पण पाऊस मनासारखा झाला, की याच धरणाचे पाणी फुगून केज तालुक्यातल्या शेतांच्या बांधांपर्यंत येते. आक्काची वस्ती अशा पाण्यापलीकडे आहे. सडकेने वळसा घालून जायचे तर तास मोडतो, पाण्यावरून पंधरा मिनिटे.

मराठवाड्यात पूर्वी लोक गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडत. आता थर्माकोलचे जाड तक्ते दोरीने आवळून चप्पू करतात. आमच्या दाजींनी त्याहून पक्के काम केले: दोनशे लिटरची प्लॅस्टिकची सहा पिंपे, तीन-तीनच्या दोन ओळी, वर लोखंडी सांगाडा आणि त्यावर फळ्या. बूच घट्ट लावलेले असे एक पिंप पुरे बुडाले, तर सुमारे १९० किलो वजन पेलते. दाजी मात्र हिशेब निम्म्याचाच धरतात. सांगाडा, फळ्या आणि माणसे, सगळे त्यातच बसवायचे.

अमेरिकेत मिनेसोटा भागात १९५२च्या सुमारास अँब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने हेच केले होते. लोखंडी पिंपे एकापुढे एक जोडून त्याने दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी फलाट ठोकला. तिकडच्या सरोवरांवर आज ज्या दोन नळ्यांच्या ऐसपैस नावा फिरतात, त्यांचा मूळपुरुष तो. दाजींना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हंजे शेतकरीच की!”

उन्हाळ्यात पाणी मागे हटले की तराफा घरी आणून सावलीत ठेवावा लागतो, नाहीतर उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते. पावसाळा सरून पाणी स्थिरावले, की तो पुन्हा काठावर न्यायचा. ही दोन्ही वेळची चढउतार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून.

२०२२ साली दसरा झाला आणि गावातली धडधाकट माणसे कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघून गेली. एरवी आठ जण तराफा अलगद उचलत. त्या दिवशी आम्ही तिघे होतो, त्यांतला एक प्राध्यापक. उचलवेना म्हणून ओढला. फाळक्याच्या कडेवरून तो खरवडत वर गेला, ट्रॉलीच्या तळातून वर आलेल्या एका बोल्टावर टेकला आणि तसाच खडखडत काठापर्यंत गेला. पाण्यात सोडला तेव्हा छान तरंगला. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

भाऊबीजेला मी, पत्नी, मुलगी आणि वल्हवायला दाजी असे चौघे निघालो. मध्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, माझा डबा घसरतोय.” डबा आपणहून घसरत नव्हता, फळी कलत होती. मागचे एक पिंप पाणी पिऊन बसले होते. “सर, हलू नगा,” दाजी हलक्या आवाजात म्हणाले, “वहिनी, पोरीला मधी घ्या.” आमच्यापैकी कोणाच्याही अंगात तरंगते जाकीट नव्हते आणि मला पोहता येत नाही. उरलेल्या पाच पिंपांनी आम्हांला पलीकडे नेले. आक्काची साडी चिंब भिजली होती. तिने ओवाळले, पण तबक धरलेला तिचा हात थरथरत होता.

तेव्हापासून चार जाकिटे आणि पुढची व्यवस्था आहे. ट्रॉलीच्या तळावर दोन लांब बल्ल्या आडव्या टाकून आवळतो, प्रत्येक ओळीखाली एक. त्यांवर गोणपाटाचे चार पदर आणि वर आक्काची जुनी गोधडी. वजन एका टोकावर न येता सबंध ओळीवर पसरले पाहिजे, हे मर्म. (आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पासोडीवर पंचीकरण लिहिले, गोधडीवर पिंपे ठेवणारे आम्हीच पहिले असू.) फाळका उघडून त्याच्या कडेवर उभी चिरलेली जुनी टायर घालतो आणि जमिनीपर्यंत दोन वासे तिरपे लावतो. वाशांवर प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे आडवे टाकले, की तराफा घरंगळत वर जातो, तिघे पुरतात. मात्र दोर बांधायचा तो सांगाड्याला, पिंपाला कधीच नाही. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना टायर लटकवली, म्हणजे तराफा कलला तरी लोखंडावर आदळत नाही. चढवण्याआधी चाकांमागे दगड लावावेत, आणि ट्रॉली गाळात नेऊ नये. काळ्या मातीतून ती काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. एखाद्या किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा आवळावेत, कारण नायलॉन सैल पडतो. चप्पूवाल्यांनी दोराखाली सायकलची जुनी ट्यूब घालावी, नाहीतर दोर थर्माकोलमध्ये रुततो. पेट्रोलचा डबा तर त्याच्या जवळही नको. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो.

शेवटी परीक्षा. बूच लावलेले पिंप दुपारी उन्हात ठेवले, की आतली हवा फुगते. त्यावर साबणाचे पाणी फिरवावे. चीर असेल तिथे बुडबुडे येतात. असे पिंप सरळ बदलावे. दाजींनी बाजारातल्या तीन प्रकारच्या चिकट्या लावून पाहिल्या, त्या प्लॅस्टिकला धरतच नाहीत.

यंदा तराफा परवाच पाण्यात गेला. आक्काचा निरोप आला आहे, की भाऊबीजेला येताना साडी आणली नाही तरी चालेल, पण तिची गोधडी धुऊन आणावी.