आगाऊ ताटाचा हिशेब

जुन्नर तालुका २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला. शेजारच्या आंबेगावातून भीमाशंकरची वाट जाते. या भागात घोळक्याने जाणाऱ्या मंडळींकडे अनेक निवासस्थाने तिन्ही वेळच्या खाण्याचे पैसे माणशी आगाऊ मागतात. खर्च आधी कळतो, वृद्धांची व मुलांची आबाळ टळते, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु शिवनेरी चढून, लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरून मंडळी नाणेघाटाकडे वळली, की दुपारच्या पंगतीला परतणार कोण? न वाढलेल्या ताटाचे पैसे मात्र सहसा परत येत नाहीत. चतुर्थीला ओझरला आलेल्या उपवासकऱ्याने तरी पुऱ्या जेवणाचे मोल का भरावे? शिवाय या मुलखाची मासवडी गावच्या खानावळीत खाल्ली, तर तो पैसा गावातच राहतो. रात्रीची गोष्ट निराळी. बिबट्याचा वावर असलेल्या उसाच्या पट्ट्यात अंधारात जेवणासाठी भटकणे शहाणपणाचे नव्हे. तेव्हा न्याहारी व रात्रीचे जेवण आगाऊ ठरवावे, दुपार मोकळी ठेवावी आणि मुलांचे, उपवासाचे व रद्द ताटांचे दर लेखी घ्यावेत. केवळ विश्रांतीसाठी जाणाऱ्यांनी तिन्ही वेळा खुशाल ठरवाव्यात. सहलीसाठी ताट असावे. ताटासाठी सहल आखणे हा उफराटा व्यवहार होय.