एक रविवार, दोन मित्र आणि अक्षय ठेव

वाचकहो, आपल्या माणसाला प्रवास काही नवा नाही. डिसेंबरात दादर, ऑक्टोबरात नागपूर, मध्येच एखादा मोर्चा, कुणाची सोयरीक, कुणाचे पुण्यानुमोदन. पिशवीत भाकरी बांधून आपण निघतोच. पण काही काम नसताना, नुसते रस्त्याने हिंडायला म्हणून आपल्यापैकी किती जण घराबाहेर पडले असतील? शेजाऱ्याने "कुठं निघाले?" म्हणून विचारले आणि आपण "फिरायला" म्हणालो, तर आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते. फिरायला जाणे ही पैसेवाल्यांची गोष्ट, असे मनात घट्ट बसलेले आहे.

आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. गेल्या हिवाळ्यात मात्र एका रविवारी आम्ही आणि आमचे एक जुने मित्र मोटारसायकलवर असेच निघालो. निघालो कसले, वहिनींनी आम्हाला काढले. मित्र सातपूरला लेथवर २६ वर्षे काम करीत होते. दिवाळीच्या तोंडावर कारखाना बंद झाला. हिशेबाचे नऊ लाख रुपये हातात आले आणि माणूस घरात बसून राहिला. वहिनी आम्हाला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना एक दिवस कुठंतरी फिरवून आणा. भिंतीकडं बघत बसतात. आणि त्या पैशाचं काय ते तुम्ही एकदा बोला."

पैशाचे प्रकरण असे होते. मित्रांच्या साडूने एक स्कीम आणली होती. महिन्याला दहा टक्के. वस्तीतल्या तीन घरांना दोन हप्ते मिळालेही होते. मंगळवारपर्यंत पैसे भरले तरच हा दर, नंतर कमी होणार, अशी मुदत साडूंनी घातली होती. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आकडेमोड हाच आमचा धंदा. पण मित्राला एकदम शिकवायला बसलो असतो तर तो उठून गेला असता. म्हणून ठरवले, आधी फिरायचे.

सकाळी लवकर मुंबई रस्त्याला लागलो. गाडी पहिल्यांदा थांबवली ती त्रिरश्मीच्या पायथ्याशी. लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा आणि या डोंगराचा काही संबंध नाही. लेण्यांतल्या शिलालेखांत डोंगराचे नाव त्रिरश्मीच आहे. दोनशेच्या आसपास पायऱ्या चढताना मित्रांना धाप लागली. "२६ वर्षं नाशकात राहून तिसऱ्यांदा येतोय," ते म्हणाले. "दोन वेळा पोरांच्या शाळेची सहल होती."

एकंदर २४ लेणी. आम्ही मित्रांना सरळ दहाव्या लेण्यात नेले. तेथे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. वाचनालयातल्या पुस्तकातून उतरवून घेतलेले भाषांतर आमच्या वहीत होते, ते काढले. उषवदाताने हे लेणे भिक्खुसंघाला दिले आणि सोबत ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. ही ठेव त्याने राजवाड्यात ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. गंगापूर रस्त्याला गोवर्धन नावाचे गाव आजही आहे, तेच हे मानतात. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, दर महिना शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे.

मित्र पायरीवर बसले आणि आमच्या हातातली वही ओढून घेतली. "थांब. दोन हजाराला शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू, बारा-बारा." ते क्षणभर थांबले. "अरे, बरोबर बसतंय की! एक पैसा इकडं नाही, तिकडं नाही."

लेथवर सुताचा हिशेब पाहणारा माणूस तो. असा जुळलेला हिशेब पाहून त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. आम्ही लेखाचा शेवट वाचून दाखवला. हे सगळे निगमसभेत, म्हणजे गावच्या सभेत, सर्वांना वाचून ऐकवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवून ठेवले, असे त्यात लिहिले आहे. आमच्यासारख्या कारकुनाला याहून आनंदाची ओळ दगडावर दुसरी सापडायची नाही. मित्र काही बोलले नाहीत. वही मात्र त्यांनी स्वतःच्या खिशात घातली.

खाली येऊन मिसळ खाल्ली. रस्सा तिखट होता. मित्रांनी दोनदा मागून घेतला. मग द्वारकेवरून गाडी येवल्याच्या रस्त्याला लावली. हा रस्ता आता छत्रपती संभाजीनगरला जातो, आमच्या पिढीच्या तोंडी मात्र अजून औरंगाबाद रोडच आहे. वाटेत चांदोरी लागते. गोदावरीचे पाणी उतरले की येथे नदीच्या पात्रातली जुनी दगडी देवळे उघडी पडतात आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जातात. पुढे निफाड. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली येथे झाला. पण अलीकडे हिवाळ्यात निफाडचे नाव पेपरात येते ते थंडीमुळे. जवळच कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तेथल्या तापमापकातला पारा कधी कधी शून्याजवळ जातो. द्राक्षाच्या बागा गारठू नयेत म्हणून शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. आम्ही त्या गारठ्यातच टपरीवर उभे राहून चहा घेतला आणि कान बांधून पुढे निघालो.

निफाडहून वाट वाकडी करून नांदूरमधमेश्वर गाठले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रज अमदानीत बंधारा घातला. गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले आणि पक्ष्यांनी ते आपले केले. १९८६ साली येथे अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे जगाने नोंद घेतलेली पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झाले. मनोऱ्यावर चढून पाहिले तर पाण्यावर काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे, कपाळावर पांढरा टिळा. गावातला वाटाड्या पोरगा म्हणाला, "हे वारकरी." टिळ्यावरून पडलेले नाव! मित्र अर्धा तास दुर्बीण सोडीनात. "हे सगळे पाहुणे," ते म्हणाले, "काम नाही म्हणून इकडं येतात का रे?" आम्ही म्हणालो, "नाही. तिकडं बर्फ पडतो, खायला मिळत नाही, म्हणून येतात." "मग आपल्यासारखेच," ते म्हणाले आणि पहिल्यांदा नोकरीविषयी बोलले. कारखाना बंद झाला त्या दिवशी त्यांनी लेथ पुसून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचा असल्यासारखा. आम्ही ऐकत राहिलो.

विंचूरजवळ एका रसवंतीवर थांबलो. तुम्ही कधी पाहिले आहे का? महाराष्ट्रात कुठेही जा, निम्म्या रसवंत्यांची नावे नवनाथ नाहीतर कानिफनाथ आणि चरकाला घुंगरू बांधलेले. रस पिता पिता मित्रांनी आपणहून विषय काढला. "आता बोल. तुला वहिनीनं सांगितलंय, मला माहीत आहे."

आम्ही बोललो. नऊ लाखांवर महिन्याला दहा टक्के म्हणजे नव्वद हजार. कुठल्या धंद्यात एवढे सुटतात? ज्यांना दोन हप्ते मिळाले ते त्यांच्या मागून आलेल्यांच्या पैशातून मिळाले. नवे लोक येणे थांबले की हप्तेही थांबतात, आणि मुद्दल तर आधीच वाटून संपलेले असते. अशा ठेवी घेणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, २०१९ साली नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही झाला. पण कायदा येतो तो पैसा गेल्यावर. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, म्हणून रक्कम दोन बँकांत विभागून ठेवावी. पतसंस्थेला तो विमा नाही. उषवदातानेही सगळी ठेव एकाच श्रेणीकडे ठेवली नव्हती.

मित्रांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "सगळं पटलं. पण बँक सात टक्के देईल. नऊ लाखांचे वर्षाला त्रेसष्ट हजार. महिन्याला सव्वापाच हजार. त्यात घर चालवून दाखव."

वाचकहो, याला आमच्याकडे उत्तर नव्हते. घुंगरू वाजत होते आणि आम्ही गप्प होतो. शेवटी एवढेच म्हणालो, "व्याजावर घर चालणार नाही हे खरं. पण मुद्दल गेलं तर ते सव्वापाच हजारही जातील. बाकीचं तुझ्या हातातल्या कसबानं आणावं लागेल." मित्रांनी पेला ठेवला आणि पैसे दिले.

लासलगाव विंचूरहून जवळच, म्हणून तेही पाहून घेतले. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ, पण रविवार असल्याने लिलाव बंद होते. येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली विकिरण केंद्र सुरू केले. गॅमा किरणांच्या माऱ्याने कांद्याला कोंब फुटत नाहीत. गंमत अशी की २००७ साली अमेरिकेला आंबा जाऊ लागला तो या कांद्याच्या गावातून किरणे घेऊन. मित्र म्हणाले, "म्हणजे हापूसलासुद्धा परदेशी जायला लासलगावचा दाखला लागला!"

दुपारी येवल्यात पोहोचलो. पैठणीच्या मागांचा खडखडाट गल्लीतून ऐकू येत होता. एका विणकराने आत बोलावले. पदरावरचा मोर तो रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्या एकात एक अडकवून विणत होता. खरी हातमागाची पैठणी उलटी करून पाहावी, म्हणाला. मागच्या बाजूनेही नक्षी तशीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. मित्रांनी हात न लावता वाकून सगळे पाहिले. कारागिराने कारागिराकडे पाहावे तसे. मग एकदम विचारले, "दादा, यात महिन्याला दहा टक्के सुटतात का?" विणकर हसायलाच लागला. "दहा? साडी पुरी व्हायलाच महिना जातो भाऊ. पोट भरतं, एवढंच."

मित्र आमच्याकडे वळून म्हणाले, "त्या दोन हजार कार्षापणांच्या वेळचे विणकर महिन्याला एक टक्का देत होते. आजचा विणकर म्हणतो पोट भरतं. मग हा साडू दहा टक्के कुठून आणणार?"

शेवटी मुक्तिभूमीवर गेलो. १३ ऑक्टोबर १९३५ ला येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. वंदना झाली, सावलीत बसलो. मित्र बोटे मोजत होते. "घोषणा पस्तीसला. दीक्षा छप्पन्नला, १४ ऑक्टोबर. २१ वर्षं आणि वर एक दिवस." थोडा वेळ गेला. "बाबासाहेबांसारख्या माणसानं निर्णय अमलात आणायला २१ वर्षं घेतली. वाचलं, विचार केला, लोकांना बरोबर घेतलं. आणि मला साडू म्हणतो, मंगळवारी सही कर." आम्ही काहीच बोललो नाही. बोलायची गरजही उरली नव्हती.

परतताना अंधार झाला, थंडी वाजली, निफाडच्या अलीकडे गाडीचे चाक पंक्चर झाले आणि दोन किलोमीटर ढकलत न्यावी लागली. तरीही मित्र शीळ घालत होते. दिवसाचा सारा खर्च हजाराच्या आत.

मंगळवारी साडू आले. मित्रांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "पैसे देतो. पण येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर सगळ्यांसमोर स्कीम वाचून दाखवा. कंपनीची नोंदणी, शिक्क्याचा कागद, मुद्दलाची जबाबदारी कुणाची, ते सगळं फळ्यावर लिहा. मग मी पहिला भरतो." साडूंनी चहा अर्धा ठेवला. रविवारी ते आले नाहीत. साडूच्या घरचे अजून आमच्या मित्राशी नीट बोलत नाहीत. वहिनींची बहीणही माहेरच्या कार्यात तोंड फिरवून बसली. त्याचे वहिनींना वाईट वाटते, आणि ते खोटे नाही.

पैसे दोन बँकांत आहेत. मित्र अंबडला एका लहान वर्कशॉपमध्ये जातात, पगार पूर्वीपेक्षा कमी. घर ओढून-ताणून चालते. पण भिंतीकडे बघणे बंद झाले. परवा भेटले तेव्हा विचारीत होते, "पुढचा रविवार मोकळा आहे का? सिन्नरकडं कधी गेलो नाही आपण."

वाचकहो, तुमच्या घरातही कुणी असे भिंतीकडे बघत बसले असेल, तर त्याला एक दिवस बाहेर काढा. कुणी विचारले तर न लाजता सांगा, फिरायला चाललो. आणि कुणी घाईने सही मागितली, तर म्हणा, विहारात या, सगळ्यांसमोर वाचा, फळ्यावर लिहा.

जयभीम.