दुपारी मिटणारे गाव

रेवसपासून रेडीपर्यंत कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गाचा दक्षिणेकडील टप्पा गेल्या माघ महिन्यात आम्ही मोटारीने केला. ज्येष्ठ बंधू, वहिनी, सौ. आणि मी असे चौघे होतो. दादांच्या भुसार दुकानाला बेचाळीस वर्षे झाली. घरातील मंगलकार्य अथवा दुःखद प्रसंग वगळता ते बंद राहिल्याचे मला स्मरत नाही. चार दिवसांच्या या प्रवासासाठी त्यांना राजी करण्यास वहिनींना दोन वर्षे लागली.

निघण्यापूर्वी घरात एक वाद झाला होता. पुतण्याने वडिलांना नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले, ‘‘दुकान मी सांभाळतो. मात्र रविवारी बंद ठेवायचे. ते जमणार नसेल, तर मला पुण्याची नोकरी स्वीकारू द्या.’’ दादांनी उत्तर दिले नाही. प्रवासात मात्र ते तासातासाला दुकानात फोन करीत होते.

मालवणहून परुळे, म्हापण या मार्गाने आम्ही दुपारी दीडच्या सुमारास वेंगुर्ल्यास पोहोचलो. तेथील फळ संशोधन केंद्रात विकसित झालेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती आता दूरवर लावल्या जातात. साहजिकच दादांना काजूगर घ्यायचे होते. पण बाजारपेठ निद्रिस्त होती. फळ्या लागलेल्या, रस्ता रिकामा, एका पायरीवर मांजर झोपलेले. ‘‘भरदुपारी दुकान मिटून धंदा व्हायचा कसा?’’ दादा संतापले.

चार वाजता एका वृद्ध दुकानदाराने फळ्या काढल्या. दादांनी त्यांना तोच प्रश्न विचारला. काजू तोलता तोलता ते शांतपणे म्हणाले, ‘‘गिऱ्हाईकसुद्धा जेवान निजलेला आसता. मगे दुकान कोणासाठी उघडा ठेवूचा?’’ दादा निरुत्तर झाले. दर मात्र त्यांनी घासून घेतलाच!

हे गाव व्यापार न कळणाऱ्यांचे आहे, असे कोणी समजू नये. सतराव्या शतकात डच कंपनीने येथे वखार घातली. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. १८१२ मध्ये हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. आंबोली घाटाच्या वाटेने बेळगाव प्रांताचा माल येथे उतरत असे. पुढे रेल्वेने मालाची वाट बदलली आणि बंदराची वर्दळ ओसरली. जहाजे गेली, पण गावाची दुपारची झोप मोडली नाही.

सायंकाळी बंदरावर बसलो असता मला माझ्या नोकरीतील एक गोष्ट आठवली. कर्जप्रस्तावावर टिपणी लिहिताना ‘दुकान सकाळी आठ ते रात्री दहा उघडे असते’ हे वाक्य मी अर्जदाराच्या जमेच्या बाजूस मांडीत असे. त्या चौदा तासांचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे मी कधी विचारले नाही. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, लग्नानंतर आम्ही दोघांनी समुद्र आज पहिल्यांदा पाहिला.’’ दादांनी ऐकले. त्यांनी खिशातला फोन काढला, क्षणभर पाहिला आणि पुन्हा ठेवून दिला.

वाचकहो, २०१७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते. मात्र कामगाराला साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते. नोकराची सुट्टी कायदा सांभाळतो. मालकाची सुट्टी त्याने स्वतःच मंजूर करायची असते, आणि तेवढी एक मंजुरी देण्यास आपण आयुष्यभर टाळाटाळ करतो. पुढची पिढी दुकानाकडे पाठ फिरविते म्हणून आपण खेद करतो. ती धंद्याला कंटाळली आहे, की कधीही न मिटणाऱ्या दाराला, हे एकदा तिलाच विचारावे.

परतल्यापासून दादांचे दुकान रविवारी दुपारी एकनंतर बंद असते. पूर्ण दिवसाचे अद्याप ठरलेले नाही. पुतण्याने पुण्यास होकार कळविलेला नाही, नकारही नाही. बोलणी सुरू आहेत, आणि ती रविवारी दुपारी, जेवणाच्या ताटावर होतात.