मागच्या डिस्कने गाडी लवकर थांबते का?

साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की कळंब-वालचंदनगर परिसरातील रस्त्यांचे रूप पालटते. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, त्यांतून वाट काढणाऱ्या दुचाकी आणि मागून वेगाने येणाऱ्या मोटारी. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात अचानक समोर दिसली, की सगळी भिस्त ब्रेकवर असते. असा एखादा प्रसंग अनुभवलेला मोटारमालक मग गॅरेजमध्ये विचारतो, ‘मागचे ड्रम काढून डिस्क बसवता येतील का?’ बसवता येतात. पण रोजच्या वापरातील छोट्या मोटारीसाठी हा खर्च करू नये. त्यातून सुरक्षितता फारशी वाढत नाही, उलट कमी होण्याचा धोका असतो.

डिस्क चांगली, हा समज निराधार नाही. वालचंदनगरला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या, फियाट ११००वर आधारलेल्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. सतत ब्रेक दाबल्यावर ड्रम तापतो, प्रसरण पावतो आणि आतल्या लायनिंगपासून दूर सरकतो. पेडल खाली जाते आणि पकड कमी होते. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते. म्हणून पुढे मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या, तेव्हा खरोखरच मोठा फरक पडला.

मागच्या चाकांचे गणित मात्र वेगळे आहे. ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली झुकते, म्हणजे भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. जोरात ब्रेक मारल्यावर थांबवण्याचे दोनतृतीयांशाहून अधिक काम पुढची चाके करतात. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जाम करण्याइतकी ताकद चांगल्या स्थितीतील ड्रममध्येही असते. तिथे कमी पडते ती टायरची रस्त्यावरची पकड, आणि डिस्क बसवल्याने ती वाढत नाही.

धोका आहे तो समतोल बिघडण्याचा. मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम झाली, तर गाडीची शेपटी फिरते. ओल्या किंवा उसाचे पाचट पडलेल्या रस्त्यावर हे क्षणात घडते. म्हणून कारखान्यात पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण मोजूनमापून ठरवलेले असते. ड्रममध्ये फिरत्या चाकाच्या ओढीने एक शू आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. डिस्कमध्ये तसे होत नाही, तिला ऑइलचा दाब जास्त लागतो. त्यामुळे मास्टर सिलिंडर, दाबाचे वाटप करणारा व्हॉल्व्ह, एबीएसचे सेन्सर, हँडब्रेक या सगळ्यांचा नव्याने विचार करावा लागतो. नुसते कॅलिपर आणून बसवणे म्हणजे हे सारे नशिबावर सोडणे होय. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही प्रश्न निघू शकतो.

ड्रम म्हणजे केवळ कंपनीची काटकसर, असेही नाही. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या विजेवरच्या मोटारींना मागे ड्रमच दिले. जड किंवा सतत वेगात धावणाऱ्या गाड्यांना मागेही डिस्क हवी, हे खरे. पण ती कंपनीतूनच बसवलेली घ्यावी. सासवडहून पुण्याकडे दिवे घाट उतरताना ब्रेक तापत असतील, तर खालचा गिअर टाकणे हा पहिला उपाय आहे.

थांबण्याचे अंतर खरोखर कमी करायचे असेल, तर पैसा आणि लक्ष दुसरीकडे द्यावे लागेल. गुळगुळीत झालेले टायर बदलावेत. पुढचे पॅड आणि मागचे लायनिंग वेळेवर तपासावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, मग ते कमी तापमानाला उकळते आणि पेडल मऊ पडते. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. ड्रम साफ करताना धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नये, हेही मेकॅनिकला सांगावे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू श्वासातून गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काम होते.

सर्वांत मोठा ब्रेक मात्र फुकट आहे, तो म्हणजे वेग कमी ठेवणे. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चालकाला धोका कळून पाय पेडलवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर संपू शकते. ८० ऐवजी ६०चा वेग असेल, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळपास निम्म्याने घटते. कोणतीही मागची डिस्क एवढे देत नाही.

आणि ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावण्याची जबाबदारी ट्रॅक्टरमालक व कारखान्यांनी घ्यायला हवी. काही रुपयांची ती लाल पट्टी चालकाला आधीच सावध करते, आणि करकचून ब्रेक दाबण्याची वेळच येत नाही.