दोन गावे, एक दिवस आणि घरची पाच माणसे



नाशिकच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मे महिन्यात त्या सहकुटुंब युरोपला निघाल्या आहेत. पती, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. इटलीत फ्लॉरेन्सला चार रात्रींचा मुक्काम, त्यांतला एक दिवस अगदी मोकळा. मंडळींना पिसाचा कलता मनोरा बघायचाच आहे, आणि कोणीतरी त्यांना जवळच्या लुक्का या गावाचेही नाव सांगितले आहे. आगगाडीने जाऊन एका दिवसात दोन्ही जमेल, की नुसतीच पळापळ होईल, असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘मी मनोऱ्यावर नाही चढले तरी चालेल, मुलीला आणि पिशव्यांना घेऊन मी खाली बसेन.’

बाई गं, हे वाक्य आपण बायका आयुष्यभर म्हणत आलो आहोत. रायगडाच्या पायथ्याशी म्हणतो, समुद्रावर चपला सांभाळताना म्हणतो, आणि आता सातासमुद्रापलीकडेही म्हणणार! तेव्हा आज बेत आखू या तो असा, की कोणालाच पिशव्या सांभाळत बसावे लागणार नाही.

आधी दिशा लक्षात घ्या. फ्लॉरेन्स, पिसा आणि लुक्का हा त्रिकोण आहे. फ्लॉरेन्सहून पिसा, पिसाहून लुक्का आणि लुक्काहून परस्पर फ्लॉरेन्स असे फिरलात, तर त्याच वाटेने परत यावे लागत नाही. पहिला टप्पा साधारण तासाभराचा, दुसरा अर्ध्या तासाचा, आणि परतीचा सव्वा ते पावणेदोन तासांचा. सकाळी पिसा आणि दुपारनंतर लुक्का, हाच क्रम ठेवा. पिसाला जे बघायचे ते एकाच मैदानात आहे आणि तिथे गर्दी उसळते, म्हणून सकाळ त्याला द्यावी. लुक्का हे निवांत भटकण्याचे गाव. मे महिन्यात तिकडे रात्री आठ-साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी दोनला पोचलात तरी हाती भरपूर वेळ राहतो.

तिन्ही टप्प्यांना ‘रेजिओनाले’ म्हणजे साधी गाडी घ्यायची. तिला आरक्षण नाही. भाडे ठरलेले असते, महिनाभर आधी काढा की खिडकीवर आयत्या वेळी काढा, तेवढेच पडते. म्हणून या तिकिटांची घाई नको. मात्र एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. कागदी तिकीट घेतले की गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या लहान यंत्रात ते घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. आपल्या मुंबईच्या लोकलची कूपने पूर्वी पंच करीत, तसेच हे. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो, आणि ‘आम्हांला माहीत नव्हतं हो’ हे तिकडे कोणी ऐकून घेत नाही. शिक्का मारल्यापासून तिकीट चार तास चालते. मोबाइलवर तिकीट काढले असेल तर शिक्क्याऐवजी त्यातच ‘चेक-इन’ करायचे, तेही चढण्यापूर्वी.

वेळापत्रक वाचण्याचे काम अकरा वर्षांच्या चिरंजीवांकडे द्या. मी शाळेत शिकवते म्हणून सांगते, या वयाच्या मुलाच्या हाती जबाबदारी दिली की त्याची भुणभुण निम्म्याने कमी होते. स्टेशनवर दोन तक्ते लावलेले असतात. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, त्याला ‘पार्तेन्झे’ म्हणतात, पांढरा येणाऱ्यांचा. ‘बिनारिओ’ म्हणजे फलाट. गाडीच्या नावापुढे तिचे शेवटचे स्टेशन लिहिलेले असते, मधले नव्हे, हेही त्याला बजावा. आणखी एक गंमत आहे. तक्त्यावर ‘फेरियाले’ लिहिलेले दिसले की ती सुट्टीची गाडी वाटते, पण अर्थ उलटा आहे. ती सोमवार ते शनिवार धावणारी, आणि ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवारची व सणाची. रविवारी गाड्या कमी असतात. १ मे आणि २ जून याही तिकडे राष्ट्रीय सुट्ट्या आहेत, तेव्हा मोकळा दिवस शक्यतो आठवड्याच्या मधला निवडा. ‘शोपेरो’ हा शब्दही शिकून घ्या. शोपेरो म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप बरेचदा होतात, पण ते आधी जाहीर केलेले असतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. आदल्या रात्री हॉटेलात विचारून ठेवलेले बरे.

आता मनोरा. (पिसा म्हणजे आपल्याकडे वेडा, आणि ज्यांनी त्या पाणथळ मऊ जमिनीवर एवढा दगडी मनोरा उचलला त्यांनाही लोक तेच म्हणाले असतील!) हा मुळात शेजारच्या कॅथेड्रलचा घंटाघराचा मनोरा. बांधकाम ११७३ साली सुरू झाले, तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले आणि एका बाजूची जमीन खचू लागली. मध्ये बरीच वर्षे काम थांबले, आणि त्या खंडानेच तो वाचला, कारण तेवढ्यात खालची माती दबून घट्ट झाली. नंतरच्या गवंड्यांनी वरचे मजले उलट्या बाजूला किंचित वळवून तोल साधायचा प्रयत्न केला. म्हणून नीट पाहिलेत तर मनोरा नुसता कललेला नाही, केळ्यासारखा थोडा वाकलेलाही आहे. मुलांना हे जरूर दाखवा. पुढे कल इतका वाढला, की जानेवारी १९९० मध्ये मनोरा लोकांना बंद करावा लागला. तो उघडला डिसेंबर २००१ मध्ये. मधल्या काळात तज्ज्ञांनी काय केले म्हणता? फळीवर एखादा उंच डबा कलला तर आपण खचलेल्या बाजूला कागदाची घडी सारतो. त्यांनी उलटे केले. उंच राहिलेल्या बाजूच्या खालून तिरकी भोके पाडून थोडी थोडी माती काढून घेतली आणि मनोरा आपल्या वजनाने त्या बाजूला बसू दिला. वरचे टोक सुमारे चाळीस सेंटिमीटर मागे आले. कल पुरता घालवला नाही, घालवायचा नव्हताच, नाहीतर बघायला कोण जाणार!

चढण्याचे तिकीट वेळ ठरवून मिळते आणि ते मात्र आधी घरूनच ऑनलाइन काढा. आठ वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत, म्हणजे तुमची धाकटी खालीच राहणार. मुलगा मोठ्या माणसाबरोबर जाऊ शकतो. पिशव्या, पर्सही वर नेऊ देत नाहीत. जवळच सामान ठेवण्याची खोली आहे, तिथे त्या ठेवाव्याच लागतात. झाले ना सामानाचे काम? आता उरली मुलगी. तर तिकिटे दोन वेगवेगळ्या वेळांची काढा, तासाभराच्या अंतराने. दहाला वडील आणि मुलगा जातील. ते उतरले की अकराला तुम्ही जा, आणि मुलीचा हात वडिलांच्या हातात द्या. वर जाऊन येण्यास अर्धा तास पुरतो. अडीचशेहून जास्त पायऱ्या आहेत, संगमरवरी, आणि शेकडो वर्षांच्या वावराने मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. चढताना कधी एका भिंतीकडे झोक जातो, कधी दुसरीकडे. ज्यांना चक्कर येते किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी जाऊ नये, बाकी सावकाश चढणाऱ्या बाईला अवघड काही नाही. साडी असेल तर घोळ वर खोचून घ्या, तळ न घसरणारी पायताणे घाला. तिकिटावरची वेळ चुकली तर पुन्हा संधी नाही, म्हणून फ्लॉरेन्सहून आठच्या आतली गाडी पकडा.

सासूबाईंना कॅथेड्रलमध्ये बसवा. आत गार असते, बाक असतात, प्रवेशाला पैसे नाहीत, पण चिठ्ठी घ्यावी लागते. खांदे झाकलेले हवेत. तो प्रश्न आपल्या सासूबायांचा नव्हे, लेकीसुनांचा! तिथे एक मोठा टांगता दिवा आहे. गॅलिलिओ याच गावी १५६४ साली जन्मला, आणि दिव्याचे झोके बघून त्याला लंबकाचा नियम सुचला असे सांगतात. सध्याचा दिवा नंतरचा आहे, पण मुलांना तिथे उभे करून गोष्ट सांगायला काय हरकत आहे? समोरच्या गोल इमारतीत, बाप्तिस्मागृहात, आवाज घुमतो. तिथला रखवालदार मधूनमधून काही सूर लावून दाखवतो, आणि एकट्याचे चौघांचे गाणे होते. सासूबाई भजनातल्या असतील तर त्यांना मनोऱ्यापेक्षा हेच जास्त आवडेल.

पिसाच्या मोठ्या स्टेशनपासून मनोरा दोन किलोमीटरवर आहे. पायी गेलात तर अर्ध्या तासात आर्नो नदी ओलांडून गावातून छान जाता येते. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर मोठ्या स्टेशनवरच लुक्काच्या गाडीत बसून पुढच्याच ‘पिसा सान रोस्सोरे’ला उतरा. तिथून मनोरा दहा मिनिटांच्या आत. पुढे लुक्काला जातानाही हेच स्टेशन. स्टेशन लहान आहे, म्हणून लुक्काची तिकिटे मोठ्या स्टेशनवर काढून ठेवा, शिक्का मात्र निघताना मारा.

खाण्याचे काय, हे तुम्ही विचारले नाहीत, पण मनात असणारच. पिसात ‘चेचीना’ मागा. हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल, मीठ एवढेच कालवून मोठ्या परातीत भट्टीत भाजलेले असते. वरून मिरपूड. अंडे नाही, काही नाही. आपले धिरडे आणि पिठल्याची वडी यांच्या मधला प्रकार म्हणा ना! सासूबाई पहिल्या घासाला ओळखतील. लुक्काकडे ‘फार्रो’ नावाच्या धान्याचे सूप करतात. हे फार्रो म्हणजे आपला खपली गहूच. त्यात कधी कधी मांसाचे तुकडे असतात, म्हणून ‘सेन्झा कार्ने?’ म्हणजे ‘मांसाशिवाय ना?’ असे विचारा. अंड्याशिवाय हवे तर ‘सेन्झा उओवा’. जेवण दुपारी दोनच्या आत आटपा. अडीचनंतर बहुतेक खानावळींच्या चुली थंड होतात त्या सात-साडेसातपर्यंत. आणि हो, तिकडे ‘बार’ म्हणजे कॉफीचे दुकान. पाटी वाचून सासूबाईंनी दचकू नये. उभ्याने घेतलेली कॉफी स्वस्त, टेबलाशी बसून घेतलेली महाग. स्वच्छतागृहही तिथेच वापरून घ्यावे, मोठ्या स्टेशनवर त्याला पैसे पडतात. सुटी नाणी जवळ असू द्या. पासपोर्ट आणि मोठ्या नोटा अंगालगतच्या पिशवीत. तिकिटाच्या यंत्रापाशी आपणहून मदतीला येणाऱ्याला गोड हसून नको म्हणा.

मनोऱ्यापाशीच मंडळी गळून गेली, मुलगी रडवेली झाली, तर लुक्का सोडून द्या आणि सरळ फ्लॉरेन्सला परता. थोडक्या युरोंचे नुकसान होईल, होऊ दे. म्हणूनच लुक्का ते फ्लॉरेन्सचे तिकीट आधी काढायचे नाही, ते लुक्कालाच काढायचे.

पण जमले तर जा हं, अगदी जा. लुक्काचे स्टेशन तटाच्या बाहेर समोरच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात बांधलेला हा तट गावाभोवती अखंड उभा आहे, चार किलोमीटरहून थोडा जास्त. शत्रू कधी चालून आला नाही. १८१२ साली सेर्किओ नदीला पूर आला तेव्हा मात्र वेशी लावून घेतल्या आणि पाणी बाहेर थोपले. आता तटावर झाडी आहे, रुंद सपाट रस्ता आहे, बाक आहेत, वाहने नाहीत. चढायला उतरता रस्ता असल्याने सासूबाईंनाही त्रास नाही. चार माणसांच्या पायडलच्या गाड्या भाड्याने मिळतात. त्यात सासूबाईंना बसवा आणि नवऱ्याला पायडल मारू द्या. मुले पळू देत, इथे त्यांच्यामागे धावावे लागत नाही. गावात रोमन रंगमंडलाच्या जागेवर घरे उभी राहून झालेला लंबगोल चौक आहे, आणि डोक्यावर ओकची झाडे वाढवलेला गुइनिजी मनोरा. त्याच्याही दोनशेवर पायऱ्या आहेत. त्या दिवशी तो खालूनच बघा. संगीतकार पुच्चीनी इथला, पण त्याचे घर मुलांना घेऊन बघण्यासारखे मला वाटत नाही. त्यापेक्षा ‘बुचेल्लातो’ हा बेदाणे आणि बडीशेपेच्या वासाचा पाव घेऊन तटावर बसा. त्यात अंडे घालतात का ते दुकानात विचारून.

परतीची गाडी साधारण तासाने असते. शेवटची गाडी कधीच धरू नका. जिच्यामागे अजून एक गाडी आहे अशी धरा. सातच्या सुमारास निघालात तर साडेआठ-नऊला फ्लॉरेन्स. गाडीत मुलगी झोपेलच, तेव्हा शाल हाताशी ठेवा, डबे कधी कधी फार गार असतात. आणि परत आल्यावर पत्र लिहा. मनोऱ्यावरून काय दिसले ते तुमच्या शब्दांत, मुलाच्या नव्हे.