फोटोतली बाई कोण?

सोनईत घरभेटीला गेले की माझी नजर आधी भिंतीवर जाते. खुर्चीत फेटेवाले आजोबा, बाजूला डोक्यावरून पदर घेतलेली आजी. काय करारी डोळे, काय तेज! आपण बाया त्या चेहऱ्यात गुंतून जातो. परवा एका घरी मी विचारलं, "यांचं नाव काय?" आजोबांचं नाव तीन पिढ्यांसकट सांगितलं गेलं. आजीचं? "थोरल्या आई म्हणायचे सगळे." माहेरचं नाव तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझं म्हणणं कडू लागेल, पण जुन्या फोटोंचं हे वेड मला फार सोयीचं वाटतं. फोटोतली बाई बोलत नाही, वाटा मागत नाही. तिला हार घालणं स्वस्तात पडतं.

१० ऑक्टोबर १८८५चा फिलाडेल्फियातला फोटो आठवा. महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली. प्रत्येकीच्या खाली तिचं नाव, गाव, देश. आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. तरी आज आपण त्या चेहऱ्याला हाक मारू शकतो, कारण खाली नाव आहे. अर्थात तेही सासरचं. माहेरी ती यमुना होती.

ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात, सगळे हसतात, पेढे वाटतात. त्या तांदळाखाली काय पुरलं जातं, ते पुढं कळतं. पासष्टीच्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. माहेरच्या जमिनीत वारस म्हणून नाव लावायचं होतं. माहेरच्या कागदावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं. दोघी एकच, हे दाखवायला त्यांनी पिशवीतून भावंडांबरोबरचा फोटो काढला. चेहरा त्यांचाच. मागे मात्र एक अक्षर नाही. आणि फोटोत शेजारी उभे असलेले भाऊ गप्प बसले.

२००५च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव लावायचं, असा नियम महाराष्ट्रानं केला. चांगलंच झालं. पण आईचं नाव म्हणजे कोणतं? तिच्या आईबापानं ठेवलेलं की तांदळावरचं?

मैत्रिणींनो, भिंतीवरचा फोटो खाली उतरवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला जवळ घ्या, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. मागे पेन्सिलीनं लिहा: माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, साल. मग घरातला सातबारा काढा आणि तीच नावं त्यात शोधा. सापडली नाहीत, तर हार घालण्याआधी त्याचा जाब विचारा.